माहीत असलेला डाव

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीचा फड रंगलेला असतो. हौद्यात दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते रेटत असतात. नवख्याला वाटावं, हे काय चाललंय, काहीच तर घडत नाही. पण मातीच्या उतारावर बसलेला एखादा म्हातारा पटका सारखा करत शेजाऱ्याला म्हणतो, "आता ढाक लावतोय बघ." हलगी कडाडते. थोड्या वेळानं खरंच ढाक लागते, खालच्याला अस्मान दिसतं, आणि ज्यानं हे आधीच सांगून ठेवलं होतं तोच म्हातारा सगळ्यांच्या आधी उठून पटका उडवतो. त्याला डाव ठाऊक होता, कोण लावणार हे ठाऊक होतं, केव्हा लागणार याचा वासही आला होता. तरी त्याच्या तोंडावरचं नवल खोटं नसतं. 1912 साली शाहू महाराजांनी हे मैदान उभं केलं, तेव्हापासून इथं असली माणसं बसत आली आहेत. जादू शिकायला येणाऱ्या पोरांना मी सांगतो, आधी तिकीट काढून तिथं बसून या. पैलवानांकडं बघू नका, म्हाताऱ्यांकडं बघा.

मी जादूचे प्रयोग करतो. शाळांची गॅदरिंगं, गणेश मंडळं, वाढदिवस, पतसंस्थांचे वर्धापनदिन, बोलावतील तिथं. आमच्या धंद्यात बोलून दाखवायची काळजी एकच असते, ती म्हणजे रहस्य फुटेल की काय. आणि न बोलायची काळजी दुसरी असते: आपण जे करतो ते सगळेच करतात. रुमालातून कबूतर, फाटलेलं वर्तमानपत्र परत अखंड, दोरी कापून जोडणं, पेटीत बाईला घालून तलवारी खुपसणं. सांगलीचा जादूगार तेच करतो, बेळगावचा तेच करतो आणि जयपूरचाही तेच. पाट्या फक्त वेगळ्या. प्लायवूडच्या पेट्यांवरचे लाल-सोनेरी ड्रॅगनसुद्धा तेच. कोल्हापूरच्या पोरांना ड्रॅगनशी काय देणंघेणं, हा प्रश्न कुणी कधी विचारत नाही.

माझ्या लहानपणी शाळेत जादूगार यायचा. चार आणे, आठ आणे फी. पटांगणात आम्हाला उन्हात बसवायचे. त्याच्या टेबलाच्या कडेला एक तांब्या असायचा. दर खेळ संपला की तो तांब्या उचलायचा, बादलीत उपडा करायचा, पाणी संपलं असं दाखवायचा, आणि पुढचा खेळ झाला की पुन्हा त्यातून पाणी ओतायचा. ओतताना एकच आरोळी मारायची: "वॉटर ऑफ इंडिया!" आम्हीही त्याच्या मागून ओरडायचो. तो मराठी, आम्ही मराठी, पाणी रंकाळ्याच्या पलीकडच्या कुठल्या तरी आडाचं, आणि आरोळी इंग्रजीत. आपल्याकडचा हा खेळ परदेशी जादूगारांनी उचलला, तिकडच्या रंगमंचावर त्याचं हे बारसं केलं आणि तेच नाव घेऊन तो घरी परत आला. आमच्या जादूगारानं ते जसंच्या तसं ठेवून घेतलं.

कपड्यांचंही तसंच. पी. सी. सरकारांनी भरजरी शेरवानी, फेटा, त्यावर तुरा असा महाराजाचा वेष घेतला आणि 'इंद्रजाल' नावाचा भव्य खेळ जगभर नेला. 1956 साली बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांनी करवतीनं मुलीचे दोन तुकडे केले आणि ती उठायच्या आत कार्यक्रम संपला. मुलगी मेली की काय म्हणून लोकांनी फोन करून करून बीबीसीला बेजार केलं. वेळ संपली म्हणून प्रक्षेपण थांबलं, की सरकारांनीच घड्याळ बघून ते तसं जुळवून आणलं, यावर आम्ही जादूगार अजून वाद घालतो. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. सरकारांसारखा माणूस घड्याळाकडं बघत नसेल हे मला पटत नाही. 1971 साली जपानच्या दौऱ्यावर असतानाच ते गेले. पण तो वेष मागं राहिला आणि भारतातल्या प्रत्येक जादूगारानं तो अंगावर चढवला. सरकारांना तो शोभायचा, कारण साहेबाच्या देशात जाऊन महाराजा म्हणून उभं राहण्यात एक तोरा होता. खऱ्या महाराजांच्या गावात, नवीन राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, भाड्याचा तुरा लावून उभं राहिलं की लोकांना लग्नातला बँडवाला आठवतो. मला तसं कुणी तोंडावर म्हटलं नाही. पण कोल्हापुरात न बोलताही बरंच बोलतात.

ज्यांच्याकडं मी शिकलो त्यांना सगळी गल्ली वस्ताद म्हणायची. कुस्तीशी त्यांचा संबंध मंगळवार पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर बसण्यापुरता. पण शिकवणारा तो वस्ताद, हा इथला रिवाज. तालमीत असं म्हणतात की वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. आमच्या वस्तादांनी काहीच राखलं नाही. पत्ते, नाणी, दोऱ्या, रुमाल, सगळं धडाधड देऊन टाकलं. वर म्हणाले, "हे सगळं पुस्तकात हाय. मी काय तुला नवीन दिलेलं न्हाई. आता तू बोलायला शीक." मी विचारलं, काय बोलू? तर म्हणाले, "ते मला काय ठावं? तोंड तुझं हाय."

पुस्तकात असल्याचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. प्रोफेसर हॉफमन या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका इंग्रज वकिलानं 1876 साली 'मॉडर्न मॅजिक' छापलं आणि व्यावसायिकांची पोटापाण्याची गुपितं दुकानात विकायला ठेवली. 1902 साली एर्डनेस या नावाच्या कुणीतरी पत्त्यांच्या हातचलाखीवर पुस्तक काढलं. तो माणूस कोण होता यावर अजून एकमत नाही, पण त्याचा प्रत्येक डाव आज कुणीही शिकू शकतो. 1921 साली सेल्बिटनं लंडनच्या रंगमंचावर बाईला करवतीनं कापलं. लगेच अमेरिकेत होरेस गोल्डिननं आपली करवत काढली, आणि कुणी चोरू नये म्हणून 1923 साली तिचं पेटंट घेतलं. आता पेटंट म्हणजे सरकारदरबारी सगळी कृती लिहून द्यायची, ती कुणीही वाचावी. पुढं एका सिगारेट कंपनीनं जाहिरातीत ते रहस्य फोडलं, गोल्डिन कोर्टात गेला आणि हरला. चोराच्या भीतीनं घराची किल्ली चावडीवर नेऊन टांगण्याचाच हा प्रकार. आज तर मोबाइल उघडला की दहावीतलं पोरगं मला माझ्याच खेळाची कृती दाखवतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. खासबागेत ढाक कशी लावतात हे बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, म्हणून काय मैदान ओस पडलं?

आमच्याच राज्यात उलगडा हाच कळस करणारी माणसंही आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार सादरीकरण करतात तेव्हा मंत्र पुटपुटून नारळ पेटवतात, आणि मग शांतपणे सांगतात, शेंडीत पोटॅशियम परमँगनेट होतं, मी पाणी म्हणून शिंपडलं ते ग्लिसरीन. भोंदूबाबा हाच नारळ पेटवून थांबतो, कार्यकर्ता दोन वाक्यं पुढं जातो. नारळ तोच, रसायन तेच. त्या दोन वाक्यांनी खेळ सबंध उलटा झाला आणि त्यासाठी नवीन साहित्य काहीच लागलं नाही. नवेपणाचा इतका स्वस्त आणि इतका धाडसी नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

कोल्हापूरला या सगळ्याची जुनी सवय आहे. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 साली 'सैरंध्री' आणला. त्यात भीम कीचकाचं मुंडकं उडवतो. ते दृश्य इतकं खरं वाटलं की थिएटरात किंकाळ्या फुटल्या आणि पुढं सेन्सॉरनं ते कापायला लावलं. लंडनमध्ये सेल्बिटनं करवत चालवायच्या आदल्या वर्षी कोल्हापूरच्या माणसानं मुंडकं उडवून दाखवलं होतं, एवढंच मला इथं नोंदवायचं आहे. त्यातला अभिमान कुणाच्या लक्षात आला तर येऊ दे.

आणि दादासाहेब फाळके? ते तर सरळसरळ आमच्या जातीचे. छपाई, छायाचित्रण वगैरे उद्योगांबरोबर ते जादूचे प्रयोगही करत, नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा. फाळके उलटे वाचा. तिकडं पॅरिसमध्ये जॉर्ज मेलियेसही जादूगारच. 1888 साली त्यानं रॉबेर-ऊदँ या थोर जादूगाराच्या नावाचं थिएटर विकत घेतलं होतं, मग सिनेमाकडं वळला. दोघांच्या हाती एकच युक्ती: कॅमेरा थांबवायचा, माणूस हलवायचा, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा, की माणूस गायब. मेलियेसनं या युक्तीनं सैतान नाचवले, 1902 साली चंद्रावर स्वारी केली. फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला, आणि त्यांना पडद्यावर आपला कृष्ण, आपला राम दिसायला लागला. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला, पुढं 'लंकादहन', 'कालियामर्दन'. कॅमेरा थांबवण्याची कृती कुणाची, यावर कुणी भांडत बसलं नाही. त्या थांबलेल्या क्षणात आत काय सरकवायचं, एवढाच प्रश्न होता. मेलियेसच्या घरी भुतं होती, फाळक्यांच्या घरी देव होते, दोघांनी आपापल्या घरातलं सरकवलं. फाळक्यांचा शेवटचा चित्रपट आणि एकमेव बोलपट 'गंगावतरण' 1937 साली इथंच, कोल्हापूर सिनेटोनसाठी झाला. शंकराच्या जटेत आकाशातून गंगा उतरवायची म्हणजे जादूगाराचंच काम. त्या वेळी ते सत्तरीकडं झुकलेले होते. प्रोफेसर केळफांची शेवटची मोठी जादू माझ्या गावात झाली हे आठवलं की मला उगाच बरं वाटतं.

नवीन काय करायचं, हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडं येतात तेव्हा त्यांना नवीन खेळ हवा असतो. म्हणजे नवीन पेटी. मी त्यांना गाण्याच्या देवल क्लबकडं पाठवतो. तिथं जवळच अल्लादियाखाँसाहेबांचा पुतळा आहे. शाहू महाराजांच्या दरबारात येण्याआधीची त्यांची गोष्ट गाणाऱ्यांच्या घरोघरी सांगितली जाते. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागलं आणि आवाज बसला. बसला तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. ध्रुपदियांच्या घराण्यात जन्मलेला माणूस, वडीलधाऱ्यांचं सगळं गाणं कंठात, आणि कंठच गेला. दुसरा कुणी असता तर तंबोरा खुंटीला टांगून मोकळा झाला असता. यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल असं गाणं बांधलं. आवाजाच्या गोडव्यावर विसंबता येत नव्हतं म्हणून स्वरांची वीण अशी गुंतागुंतीची केली, लयीशी असं लडिवाळ आणि अवघड नातं जोडलं, की ऐकणाऱ्याला आवाज आठवायला सवडच राहिली नाही. आज जयपूर-अत्रौली म्हणून जे घराणं देशभर गातात, ते त्या गेलेल्या आवाजाच्या जागी उभं राहिलं. 1895 पासून ते कोल्हापुरात होते. शाहू महाराज गेल्यावर मुंबईला गेले.

अर्जेंटिनात रेने लावांद नावाचा पत्त्यांचा जादूगार होऊन गेला. नऊ वर्षांचा असताना अपघातात त्याचा उजवा हात गेला. आता पत्त्यांची सगळी पुस्तकं दोन हातांच्या माणसांनी दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली. एर्डनेस उघडला तरी पहिल्याच पानाला अडायला होणार. लावांदनं पिसण्यापासून सगळं डाव्या हातानं नव्यानं बसवलं. एका हातानं वेगात चलाखी करणं अवघड, म्हणून त्यानं वेगच टाकून दिला. तो पत्ते इतके सावकाश हाताळायचा, मधे इतक्या निवांतपणे गोष्टी सांगायचा, की दोन हातांच्या जादूगारांना आपली घाई लाजिरवाणी वाटायला लागली. 2015 साली तो गेला. त्याच्यासारखं सावकाश करायला आता जगभरचे धडधाकट लोक शिकतात, आणि मला त्यात थोडी गंमत वाटते, थोडी चीडही येते. त्याचा सावकाशपणा हा त्याचा इलाज होता. तो आजार नसताना इलाज घेऊन काय करायचं? खाँसाहेबांच्या नकलाही अशाच झाल्या असतील. बसका आवाज काढून कुणाला जयपूर गायकी येत नाही.

कायद्यालाही हे थोडंफार कळलेलं आहे. अमेरिकेत टेलर नावाचा जादूगार आहे, रंगमंचावर तोंडातून अवाक्षर काढत नाही. त्याचा एक खेळ असा: फुलदाणीत गुलाब, मागं पडद्यावर त्याची सावली. टेलर सुरी घेऊन सावलीवर चालवतो, आणि खऱ्या गुलाबाची पाकळी गळून पडते. एका युरोपियन जादूगारानं तसाच खेळ बसवून विकायला काढला. टेलर कोर्टात गेला, 2014 साली निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की जादूच्या युक्तीवर कुणाचा मालकी हक्क नाही, पण सुरी, सावली, पाकळी, त्या माणसाचं येणं, थबकणं, हे सगळं मिळून जे मूकनाट्य होतं ते टेलरचं. पाकळी कशी पडते ते कुणीही शोधावं आणि पाडावी. सावलीवर सुरी चालवणारा माणूस मात्र त्यानं उभा केलेला आहे. आमच्या वस्तादांना ही बातमी ऐकवली असती तर म्हणाले असते, एवढ्यासाठी कोर्टात कशाला गेला?

तर तो तांब्या.

शाळेतल्या त्या तांब्यानं माझा पिच्छा सोडला नाही. एका तांबटाकडून मी तसा तांब्या करून घेतला. आत कसा आहे ते विचारू नका. पुस्तकात सापडेल. बरीच वर्षं मीही "वॉटर ऑफ इंडिया" ओरडलो. मग 2019 चा पूर आला. आमच्याकडं पावसाळ्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच निरोप फिरतो: राजाराम बंधारा, पाणीपातळी अमुक फूट अमुक इंच. 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोका पातळी. हे आकडे इथल्या बालवाडीतल्या पोरालाही पाठ. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या पुढं गेली. रस्ते बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, गावंच्या गावं पत्र्यांपर्यंत बुडालेली. दोन वर्षांनी पुन्हा तेच. त्यानंतर कधीतरी तो तांब्या हातात घेतला आणि "वॉटर ऑफ इंडिया" तोंडातून निघेना.

मी एक फळी रंगवून घेतली, बंधाऱ्यावर असते तशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, फुटांचे आकडे घातलेली. तांब्या ओतायचा, आणि आरोळीऐवजी पातळी सांगायची. पस्तीस फूट. पुढचा खेळ. सदतीस. एकोणचाळीसला मी थांबायचो, तोवर अख्खं सभागृह ओरडायचं, "इशारा!" त्रेचाळीसला तर पत्रे हलायचे. शहरात हे तुफान चाललं. टाळ्या, हशा, मंडळांची आमंत्रणं. मोठं संकट टळून गेलं की कोल्हापूरकर त्याची खेचतो. तो त्याचा स्वभावच आहे.

मग प्रयाग चिखलीत प्रयोग होता. पंचगंगेचा उगम जिथं धरतात त्या संगमावरचं गाव. पूर म्हटला की पहिलं नाव चिखली आणि आंबेवाडीचं. जनावरं सोडून, पोरंबाळं घेऊन सोनतळीला जायचं हे तिथं पिढ्यांचं. देवळाच्या मंडपात माणसं दाटून बसली होती. मी पस्तीस म्हटलं. कुणी ओरडलं नाही. एकोणचाळीसला पोरंसुद्धा गप्प. नाराज नव्हते, बघत होते, अगदी बारकाईनं बघत होते. त्रेचाळीस झाल्यावर पुढं बसलेल्या एक आज्जी मला म्हणाल्या, रागानं नाही, समजावून सांगावं तसं, "बाळा, पानी असं वरनं वतत न्हाई. आदी मोरीत गुळगुळ करतंय. मग चुलीपाशी येतंय. आपुन भाकरी थापतोय आन् पायाला गार लागतंय. मी बघितलोय की."

आता या बाईला ढाक कशी लागते ते माहीत होतं. हौद्यात मी होतो, पण डाव त्यांच्या अंगावरून गेलेला होता.

घरी येऊन मी तांब्या समोर ठेवून बसलो. आज्जींच्या बोलण्यात माझ्या खेळावरची टीका होती तशीच एक तांत्रिक सूचनाही होती, आणि जितका विचार करावा तितकी ती बिनतोड वाटायला लागली. या तांब्याचं नवल ओतण्यात नाहीच. ओततो तर कुठलाही तांब्या. नवल आहे ते कुणी बघत नसताना भरण्यात. आणि आम्ही सगळे जादूगार आरोळ्या मारून, बादल्या वाजवून लोकांचं लक्ष नेमकं ओतण्याकडं नेत होतो. भरण्याचा क्षण आम्ही पुढच्या खेळाच्या गडबडीत फुकट घालवत होतो.

मग बाकीचे सगळे खेळ मधून काढून टाकले. नुसता तांब्या आणि मी. मी बोचकं बांधतोय, घर सोडून सोनतळीला निघालोय. रेशनकार्ड, पोरांचे दाखले, बँकेचं पुस्तक, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची. देवाचे टाक. आणि शेवटी तांब्या, आज्जीच्या रुखवतातला, तो काही मागं ठेवायचा नाही. तांब्या उपडा करतो, दोन थेंब पडतात, कोरडा. पाटावर ठेवतो. टीव्ही माळ्यावर चढवायला प्रेक्षकांतल्या एका दादाला बोलावतो. रिकाम्या खोक्याचा टीव्ही, पण तो दादा खरा असल्यागत वाकून उचलतो, चिखलीत तर कमरेला हात लावून उचलतो. मी वळून तांब्या बोचक्यात घालायला घेतो, तर जड. भरलेला. मी काही बोलत नाही. ओतून टाकतो, पाटावर ठेवतो. म्हैस सोडायची राहिलीय. परत येतो, भरलेला. मला पाणी नको आहे, मला रिकामा तांब्या हवा आहे. मागं फळी आहे, पण आकडे मी वाचत नाही. गावातलं एक पोरगं बाण वर सरकवत राहतं, आणि त्याला मी एकच सांगून ठेवलेलं असतं, की तुला वाटेल तेव्हा सरकव. पोरं कधी चुकत नाहीत.

यात तंत्राची एक अडचण होती, तिच्यावर बराच काळ गेला. जुन्या पद्धतीत तांब्याला उसंत मिळते, मधे दुसरा खेळ चालू असतो. इथं मधे काहीच नाही, नुसतं घर आवरणं. म्हणजे तांब्याला लागणारी उसंत घर आवरण्यातूनच काढायची. कुठलं काम किती वेळ चालेल ते तांब्या ठरवणार, पण लोकांना वाटलं पाहिजे की बाई-माणूस असंच आवरतं. बायकोला विचारलं, तू आधी काय उचलशील? ती म्हणाली, "धान्याचा डबा. कागदपत्रं तुम्ही बाप्ये आठवता." सगळा क्रम बदलला. डब्याला वेळ जास्त लागतो. माझं काम झालं.

शेवट मला सुचत नव्हता. रिकामा होऊन बोचक्यात गेला की संपतं, पण तसं ते संपत नाही हे मलाही माहीत होतं. पूर ओसरल्यावर काय असतं? गाळ. बोटभर, वीतभर, भांड्यांत, कपाटांत, देव्हाऱ्यात. म्हणून आता शेवटच्या खेपेला तांब्या उपडा केला की त्यातून पाणी येत नाही, गाळ पडतो. पचकन, पाटावर. हा भाग कुठल्या पुस्तकात नाही, आणि तांबटाकडं मला तीन तऱ्हा करून बघाव्या लागल्या. दुसऱ्यांदा चिखलीत गेलो तेव्हा गाळ पडला आणि बायका खो खो हसल्या. पुरुषांना आधी कळेना. मग तेही हसले, पण जरा दबकत. गाळ काढायला कोण बसतं ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

हे माझं आहे का? तांब्या शेकडो वर्षांचा. कृती छापील. पूर सगळ्यांचा. मुख्य वाक्य आज्जींचं, क्रम बायकोनं लावून दिला. गाळ तेवढा माझा म्हणता येईल, तोही पंचगंगेनं आणून दिलेला. तरी हा खेळ आज कोल्हापुरात दुसरा कुणी करत नाही, आणि केला तर लोक म्हणतील, अमक्याचा आहे. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरात तिसरी पिढी खेळ करते. पेट्या वारशानं मिळतात, पण प्रत्येक पिढीनं आपल्यासमोर बसलेल्या माणसांशी नव्यानं बोलायचं असतं. ते वारशानं मिळत नसणार, असा माझा अंदाज आहे.

मागच्या वर्षी इचलकरंजीहून एक पोरगा आला. यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळी, दिवसा जादूची हौस. हात चांगला. म्हणाला, "सर, तुमचा तांब्या द्या की मला. पुराचा खेळ करतो." मी तांबटाचा पत्ता दिला, कृती सांगितली, गाळाचीसुद्धा. काही राखलं नाही. म्हटलं, पण तुमच्याकडं राजाराम बंधाऱ्याची मोजपट्टी कोण ओळखणार, आणि तुझ्या गल्लीत पूर आला होता का? तो विचारात पडला. गल्लीत पूर कधी आला नव्हता. त्याच्याकडं उलटंच आहे. तिथं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, पाणी योजनांवरून वर्षानुवर्षं आंदोलनं चालतात, आणि नळ सुटायचा म्हटलं की रात्री सगळी गल्ली जागी असते.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. तांबटाकडून त्यानं तांब्या नेला होता, पण आतली मांडणी उलटी करून घेतली होती. त्यात घागरभर पाणी ओतलं तरी उपडा केला की कोरडा. प्रेक्षकांतल्या बायकांनाच ओतायला बोलावतो म्हणाला. पहिल्याच प्रयोगात एक मावशी घागर रिकामी करून, तांब्यात डोकावून, माईकमध्ये म्हणाल्या, "ही आमच्या गल्लीतली पाइपलाइन हाय."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार सर, त्यांनाच सांगितलं, दुसरी घागर आणा."